सतरावा ठिपका

बेतुलच्या सड्यावर वारा नऊनंतर येतो.
त्याआधी ठिपके चिकटवून व्हायला हवेत.
पवनचक्कीला ब्रेक, एक पातं सरळ खाली,
आणि दोरावर लोंबकळणारा इनास कुलासो
अंगठ्यानं दाबत जातो एकेक गोल,
पांढऱ्यावर काळा,
मुळाशी पहिला, टोकाला सतरावा.
चाळीस वर्षं माड चढलेला रेंदेर.
कमरेच्या आकड्याला आता काती नाही,
चिकटपट्टीचं रिंगण आहे.

खाली दोन कॅमेरे. एकट्याला खोली कळत नाही.
मी त्यांना बुद्धिबळाचा पट दाखवते,
सरळ, तिरका, उलटा;
गुरांमागचा पोर विचारतो, डाव कुणाचा?
भिंगावर दर वीस मिनिटांनी मीठ.
ओढणीच्या टोकानं पुसते.

मग वारा.
सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं,
एकातही ठिपके मागच्या जागी नाहीत.
"किती वाकतं, इनासबाब?"
त्यानं हात वर धरला, एक डोळा मिटला.
"दीड वीत."

संध्याकाळी आकडा आला: एकेचाळीस सेंटिमीटर.
दोन वितींना जरा कमी.
"तो माड न्हय," तो म्हणाला
आणि बिडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली.

रात्री खोलीवर चित्रं पुन्हा चालवली
तेव्हा सड्याच्या कडेचा खुरीस हलताना दिसला.
चुन्याचा, दगडी, कुणा बुडालेल्या तारवटीच्या नावाचा.
थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे,
पात्याच्या तालाशी काही संबंध नसलेला.

हलत होतं माझं तिकाटणं.
दिवसभर मी मोजत होते
त्याचं वाकणं अधिक माझं थरथरणं.
खुरसाला स्थिर धरलं,
चित्रामागून चित्र त्याच्यावर बसवत गेले.
पहाटे तीनला उरले छत्तीस.

सकाळी इनासला सांगितलं.
तो काही बोलला नाही.
डाव्या हाताची वीत पसरून बघत राहिला:
अंगठा पूर्ण उघडला,
करंगळी दोराच्या सवयीनं
आत वळलेली, सरळ होईना.
उजव्या हातानं तिला जरा ढकललं, सोडलं.

पट्टी माझ्या खिशात होती.
तिथंच राहू दिली.

"सतरावो उडला," तो वर बघत म्हणाला.
खरंच, टोक कोरं होतं.
पावणेनऊ झाले होते.
तो दोर बांधू लागला.