तीन नंबरची खोली

डिंपना मॅकगिन्लीच्या फाटकावरची पाटी दुतोंडी आहे:
इकडून 'जागा आहे', तिकडून 'जागा नाही'.
नोव्हेंबरात ती उलटायचं काम वाराच करतो.

एकतीस उन्हाळे तिने
परक्यांच्या उशा झटकल्या.
दगडी कुंपणांचे फोटो काढणारा जर्मन,
पणजोबांचं घर शोधत बोस्टनहून आलेल्या बहिणी
(सापडलं. आत मेंढ्या होत्या),
लग्न मोडावं का, हे ठरवायला आलेलं जोडपं,
जे तीन दिवस नुसतं पत्ते खेळलं.
सकाळी सगळ्यांना एकच प्रश्न:
अंडी किती, आणि कशी?

या मंगळवारी कुणीच नव्हतं.
धक्क्यावरून बससुद्धा रिकामी वळली.
डिंपनाने सपाता हातात घेतल्या
आणि जिना चढून तीन नंबरमध्ये झोपायला गेली.
का, ते मी विचारलं नाही.
मी फक्त तिचं टपाल टाकतो.

रात्री तिला कळलं,
नळ ठिबकतो.
आरसा फार उंच आहे:
फ्रान्सिस सहा फुटी, त्याने आपल्या मापाने खिळा ठोकलेला.
इतकी वर्षं बायका टाचा उचलून भांग पाडत होत्या,
कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि फळ्यांमधून
खालचं स्वयंपाकघर जसंच्या तसं वर येतं.
फ्रिजचा खोकला. घड्याळ.
म्हणजे तेही आलं असणार:
फ्रान्सिसशी झालेली भांडणं,
सिडनीला लावलेले फोन, ठेवल्यानंतरचं रडणं,
आणि त्या मार्चमधली ती रात्र,
जेव्हा डॉक्टर मागच्या दाराने आला
आणि वर चार पाहुणे झोपले होते.
झोपले होते?
सकाळी चौघेही म्हणाले होते, छान झोप लागली.
दोघांनी अंडी नको म्हटलं.
तिला वाटलं होतं, पोट बिघडलं असेल.

उजाडल्यावर ती खाली आली,
खिडकीपाशी पाहुण्यांच्या टेबलावर बसली,
बराच वेळ.
मग स्वतःच उठून पाणी उकळायला ठेवलं.

मी गेलो तेव्हा नोंदवही उघडी होती.
शाई अजून ओली:
'नळ दुरुस्त करावा.
आरसा वीतभर खाली घ्यावा.
झोप छान लागली.'

हातोडी तिनेच आणून दिली.
मी जुना खिळा उपटला, खाली नवा ठोकला.
वरचं भोक बुजवू का, विचारलं.
ती सपातेने फरशीवरचा चुना गोळा करत होती.
म्हणाली, राहू दे.
अंडी किती घेशील?