लाल व्हायची मिरची

सहा वर्षं कौन्सिलच्या यादीत होतं आमचं नाव,
अलॉटमेंटच्या एका तुकड्यासाठी.
पत्र आलं तेव्हा सुखदेव म्हणाले,
आता आयुष्यात काही नको.
आठवडाभरात त्याच माणसाला शेड हवी झाली,
शेडला कुलूप,
मग काचघर, कुणीतरी टाकून दिलेलं,
दोन तावदानं फुटलेलं.
मी हसले नाही. मलाही हवं होतं.

भिवापुरीचं बी माझ्या हातरुमालाच्या गाठीत आलं होतं.
मार्चभर रोपं खिडकीत, रेडिएटरच्या वर,
मेअखेर बाहेर.
निरंजन अ‍ॅबर्डीनहून म्हणाला, आई, ऑगस्टमध्ये येतो.
तेव्हापासून मिरचीला तारीख होती.

रोज चारच्या बसने जायची मी,
पानं बाजूला सारून बघायची.
हिरवी.
दुसऱ्या दिवशी, हिरवी.
वुल्व्हरहॅम्प्टनचं ऊन म्हणजे भिडस्त पाहुणा,
चहा नको म्हणत दारातूनच परत फिरणारा.

आमचा विहार पूर्वी गालिच्यांचं दुकान होता.
भिंतीवर अजून किमतीच्या पाट्यांचे डिंकाचे डाग,
त्यांच्याखाली आम्ही बसतो, त्रिसरण घेतो.
भन्ते श्रीलंकेचे. इंग्रजी सावकाश बोलतात.
एका रविवारी म्हणाले, तण्हा.
पोरांनी वहीत अर्थ उतरवून घेतला.
मला कशाला अर्थ?
माझ्या आईच्या तोंडी हाच शब्द होता,
झिजून झिजून तहान झालेला,
उमरेडच्या चैतात, रांजणापाशी.

पण आपण म्हणतो, तहान लागली.
नाद लागतो, वेड लागतं, आग लागते,
डोळे वाटेकडे लागतात,
जसं काही आपला त्यात हातच नाही.
भन्तेंना हे सांगितलं मी, मोडक्या इंग्रजीत.
त्यांनी नुसतं विचारलं, मग लावतं कोण?
बसमध्ये आठवलं:
मिरची मी लावली.
त्याच वाफ्यात, त्याच खुरप्याने
आसही लावली.

ऑगस्टात फोन आला, काम आहे गं, सप्टेंबरचं बघू.
सप्टेंबरात,
आई, तिखट डॉक्टरनं बंद केलंय माझं,
तुला सांगायचं राहिलंच.
फोन ठेवला आणि
झाडावर चिडले मी.
दोन दिवस पाणी घातलं नाही.
आकाशाने घातलं.

ऑक्टोबरात ग्लेनिस आली, पलीकडच्या तुकड्यावरची,
कुलपांच्या कारखान्यात हयात गेलेली बाई.
मी म्हटलं, अजून झाल्या नाहीत.
तिने एक तोडली, कचकन चावली,
आणि नाक, कान, गळा सगळं तांबडंलाल,
नळाखाली तोंड धरून हसतेय, रडतेय.
अगं बये, म्हणाली,
अजून काय व्हायचंय हिला?

मी झाडाकडे बघत राहिले.
लाल व्हायचंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
सगळा उन्हाळा ते
आपल्या तिखटासकट तिथेच उभं होतं.

मग खुडल्या सगळ्या. लसूण, मीठ, जवस,
पाट्यावर नाही, मिक्सरमध्येच रगडल्या.
एक बाटली ग्लेनिसला.
सुखदेव दोन भाकरी जास्त जेवले
आणि म्हणाले, पुढच्या वर्षी दोडकीसाठी
एक मांडव हवा.

एक मिरची मात्र ठेवली झाडावर.
बियाण्यासाठी, असं सांगितलं त्यांना.
झोपताना दहिवराचा अंदाज बघायला
फोन उचलला.
ठेवला.
परत उचलला.