प्लगची उंची

वादी म्हणजे कोरडी नदी, कबीर म्हणजे मोठी,
हे मला मस्कतला आल्यावर चार वर्षांनी कळलं.
तोवर घरी फोनवर सांगायचो, वादी कबीरला राहतो.
आईला ऐकू यायचं वाडी,
आणि ती निर्धास्त व्हायची.

टायरवाल्याच्या मागे थुरय्याच्या नवऱ्याचं सोफ्यांचं वर्कशॉप.
तो गेल्यापासून शटर खाली.
आत फोमचा चुरा, गंजलेल्या पिना,
आणि एक कोच, एका बाजूने मखमल, दुसऱ्या बाजूने नुसतं लाकूड.
या शटरबाहेर खजुराच्या पाकातले गोळे तळून
तिने तीन मुलं शिकवली.
म्हणाली, भाडं नको. दिवे लावा.

एरवी मी मॉलच्या छतात वायर ओढतो, मैलच्या मैल.
शुक्रवारी इथे.
वीस बाय चाळीसची एकच खोली,
शिवण, अरबी अक्षरं, कराराचा कागद वाचायला शिकणं,
सगळं हिच्यातच होणार.

वाळू उचलायला बायकाच आल्या.
कडप्याच्या वेंकटम्माने घमेल्याआधी काहीतरी मागितलं,
तेलुगू मला येत नाही,
तिने डोक्यावर हात गोल फिरवला.
चुंबळ!
मी खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून दिला.
नंतर तो परत मिळाला नाही, मीही मागितला नाही.

हजेरीच्या वहीत रोशनारा नाव लिहीत नाही.
तिचा पासपोर्ट कुणाच्या तरी कपाटात आहे.
ती नुसतं लिहिते, सात.
आम्ही पण हाक मारतो, ए सात, पाणी दे.
ती हसते. एकदा नाही हसली.

आता प्लगचं.
शिलाई मशिनींचे आठ पॉइंट मी काढले साडेचार फुटांवर, झाकणवाले.
आया येणार म्हणजे पोरं येणार,
पोरं येणार म्हणजे बोटं घालणार.
माझ्या भाचीने घातलं होतं.
तिचं करंगळीचं नख अजून काळं उगवतं.
तेव्हापासून हा हिशेब मी कंपनीच्या ड्रॉइंगला न विचारता करतो.

खोबणी पाडून झाल्या, पाइप बसले,
मग मंडणगडच्या हफ्साबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,
"उस्ताद, पोरं हायत कुठं?"

मी वळून पाहिलं.
आठ आया. सिमेंटचे हात.
एकही मूल नाही.
वेंकटम्माचा मुलगा आजीकडे, गणितात नापास.
नेगोंबोच्या दिलरुक्षीच्या जुळ्या,
कुठली कुठली हे तिला आता आवाजावरूनच कळतं.
सातने फोन पुढे केला.
काचेला तडा,
तड्याच्या अलीकडे एक कान, पलीकडे दोन दात.
बॅटरी चार टक्के.

"खाली आण. फळीला लागून. जोडीजोडीने.
एक मशिनीला, एक यांना.
सुई चालवताना समोर दिसली पाहिजेत."

दोन शुक्रवार वाया गेले.
वरच्या खोबणी बुजवल्या, पण रंगातून अजून दिसतात,
आठ फिकट चौकोन, साडेचार फुटांवर.
नवीन माणूस विचारतो, फोटो काढले का इथले?

पहिल्या वर्गाला थुरय्याने कोचाची उरलेली बाजू मध्ये ठेवली.
नवऱ्याला वीस वर्षं नुसतं पाहून
मखमल कशी ताणायची हे तिला येत होतं.
आठ मशिनी सुरू, आठ फोन उभे,
कुणीतरी इस्त्री लावली
आणि सगळं ट्रिप.

खिडकी नाही. शटर अर्धं खाली.
काळोखात राहिले फक्त पडदे,
आणि त्यांच्यातून चार भाषांत एकच प्रश्न,
आई, तू कुठे गेलीस?
आठ जणी आपापल्या उजेडात वाकल्या,
हनुवट्या निळ्या झाल्या.

दोष इस्त्रीचा. फोनचा लोड तो काय, नगण्य.
त्याच उजेडात मी बोर्डापर्यंत पोचलो,
खटक्यावर बोट ठेवलं
आणि जरा थांबलो.

"उस्ताद," हफ्साबाईंचा आवाज, "झोपलास काय? दिवे!"