वीत

सी, जी आणि त्याच्या वरचा ई.
तिन्ही एका दमात, एकट्या डाव्या हातानं.
लिहिणाऱ्याचे पंजे वल्ह्यांएवढे असणार.
माझी वीत आठ पांढऱ्या पट्ट्यांची,
आणि जानेवारीत, या खोलीत, सव्वासात.

मी विद्यार्थिनी होते तेव्हा झेंटाबाईंनी
माझ्या बोटांच्या बेचक्यांत बुचं बसवली होती,
रात्रभर.
सकाळी बोटं सुजलेली, वीत तेवढीच.
उशीला वाइनचा वास मात्र आठवडाभर.

आज मादारा आली. अकरा वर्षांची,
मोजे ओले, नाक लाल,
वीत सात पट्ट्यांची, श्वास रोखला तर.
स्वरलिपीतल्या त्या उंच मनोऱ्याकडे बघून म्हणाली,
वेल्गाबाई, हे छापताना चुकलंय.

चुकलेलं नाही, मी म्हटलं.
हाताला मावत नाही ते चोरायचं असतं.
आधी खालचा सी घे.
पायानं पेडल दाब.
आता हात सोड.

सोडेना.
सोड म्हणते ना, मादारा.
करंगळी पट्टीला चिकटलेली,
नखाखालचं रक्त पांढरं झालेलं.
हातचं सोडून पळत्यामागे लागू नये
हे मुलांना कोण शिकवतं कुणास ठाऊक,
पण फार लवकर शिकवतं.

मग एकदम सोडला.
मनगट वळलं, जी, ई,
आणि खालचा सी होता तिथंच,
आपण जिना चढून गेलो तरी
तळाशी कुणी जळत ठेवलेल्या दिव्यासारखा.
तिनं वाकून पट्टीवर बघितलं.
बोट नव्हतं.

किती वेळ राहतो?

तिचा बाप आयर्लंडमध्ये आहे,
मशरूमच्या शेडमध्ये, हा तिसरा हिवाळा.
रविवारी फोन येतो.
लिएपायात अशी घरं मोजायला
दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत.
मी त्यातलं काही बोलले नाही.
म्हटलं, मोजू या.

फक्त सी. पेडल. हात मांडीवर.
एक, दोन.
सहाला खिडकीची काच वाऱ्यानं थरथरली.
अकराला खालच्या वर्गात कुणाचा तरी ट्रम्पेट शिंकला,
आम्ही दोघींनी त्याला मनात शिव्या दिल्या.
पंधराला बंदरातली क्रेन फिरली.
एकोणिसाला माझ्यापुरता तो संपला.

तिला सांगितलं नाही.
एकाहत्तर वर्षांचे कान, त्यांचीही वीत असते.
पियानोकडे बघणं सोडून
मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.
ओठ हलत होते,
चोवीस,
पंचवीस,
पेडलवर टाच अधांतरी,
एरवी मी ओरडले असते.

एकतीस.
हात वर करून तिनं मला गप्प केलं,
मी बोलत नव्हते तरी.

अजून आहे, म्हणाली.