एका बटेचा दर

परळला, वेलणकर गिरणीवाल्यांच्या वर, आमचं पार्लर.
मृदुला खानोलकर सुती टोपी काढतात:
जेमतेम चार बोटं, कोकरासारखे कुरळे.
"हे माझे नव्हेत. औषधांनंतर उगवलेत.
माझे सुतासारखे सरळ होते, तसे करून द्या."

मी कानामागची एकच बट घेते,
क्रीम लावते, घड्याळ लावते.
वासाने दोघींचे डोळे चुरचुरतात,
वासानेच, असं धरून चालते.

धुतली. सरळ.
त्या ती बोटाला गुंडाळतात, सोडतात,
पुन्हा गुंडाळतात.
"बाकीचे राहू देत गं.
किती झाले?"

एका बटेचा दर तक्त्यात नाही.
"पुढच्या वेळी द्या."

पुढच्या वेळी,
त्यांनी हळूच म्हणून पाहिलं.
टोपी घातली;
ती बट तेवढी बाहेर ठेवली.