दोन सूत

माझी कंबर अठ्ठावीस.
लग्नातल्या सफारीला अठ्ठावीस,
पियुषच्या बारशाला, बापाच्या तेरवीला, अठ्ठावीस.
तांडापेठेतल्या या आठ बाय दहाच्या दुकानात
मी गल्लीच्या कमरा वाढताना पाहिल्या,
वहीत बत्तीस खोडून चौतीस केलं,
छत्तीस लिहिताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
स्वतःचं माप लिहायची वेळच आली नाही कधी.

रिपोर्ट आला मे महिन्यात.
दवाखान्यातल्या कूलरचं पाणी संपलेलं,
खसच्या जाळीतून नुसती धग येत होती.
तीन महिन्यांची सरासरी : सहा पूर्णांक एक.
‘अजून डायबिटीस नाही,’ डॉक्टर लांजेवार म्हणाल्या,
‘पण उंबऱ्यावर उभा आहे.’
मी म्हटलं, मॅडम, नाव पाहा बरं एकदा,
आमच्या गल्लीत घरटी दोन हेडाऊ आहेत.

टेप गळ्यातच राहून गेला होता.
तो त्यांनी मागून घेतला
आणि गुंडाळला कमरेला नाही, पोटरीला.
साडेअकरा.
‘साखर इथं जिरते, हेडाऊ. इथं काही नाहीच.
वजन उतरवायचं नाही, एक किलोसुद्धा.
पाय कमवा.’

शंभर किलोचे आमचे जावई वामनराव
संध्याकाळी पोट धरून हसले.
‘तुले कशी शुगर बे?
बसाले जागा तरी पाहिली असती तिनं!’
त्यांचा रिपोर्ट नॉर्मल.
वर संत्रा बर्फीचा दुसरा तुकडा.

तीस वर्षं पंगतीत मला कोणी थांबवलं नाही.
‘घ्या ना, तुम्हाले काय होते’,
जिलेबी पानावर पडायची न मागता.
आता हात आडवा केला की बायका कुंदाकडे पाहतात,
जणू तीच जेवू घालत नाही.
कुंदा काही बोलत नाही.
माझ्या ताटातला भात दोन मुठी कमी झाला,
वरण घट्ट झालं,
आणि रात्री तिनं माझी चप्पल दाराकडे तोंड करून ठेवली.

चौकातल्या पोहेवाल्याला सांगितलं :
पोहे अर्धे, चणे दुप्पट, तर्री राहू दे.
‘काहून भाऊ? पैसे तेवढेच लागतील.’
लागू दे.

बाप खड्ड्याच्या मागावर बसायचा.
कमरेपर्यंत जमिनीत, वर नुसता सदरा हलताना दिसायचा;
पाय खाली, अंधारात, पावड्यांवर,
दिवसभर वर-खाली, वर-खाली.
माणूस काडीसारखा, पोटऱ्या मात्र वरवंट्यासारख्या.
पोळ्याच्या पुरणपोळीवर गुळवणी ओतून खायचा,
वर आणखी मागायचा.
त्याचं रक्त कोणी तपासलं नाही,
तेव्हा त्याला काय होतं, काय नव्हतं,
मी छातीठोक सांगणार नाही.
पण पाय होते.

माझ्या मशीनला मोटर आहे, नऊ वर्षं झाली.
अंगठ्यानं दाबलं की शिवण पळते,
बाकीचा मी खुर्चीवर वाळत घातलेला.

जूनमध्ये मोटर काढली.
पट्टा नवा आणला इतवारीतून, पायटाला तेल दिलं.
पहिल्या आठवड्यात नानोटकर काकूंचा ब्लाऊज दोन दिवस उशिरा गेला,
मांड्या अशा भरून आल्या की
संडासात बसता येईना.
पियुष म्हणाला, बाबा, जिम लावा ना.
मी म्हटलं, लावली.

जेवल्यावर गांधीबागेपर्यंत जातो, परत येतो.
कधी कुंदा सोबत, कधी नुसतं कुत्रं.
काही रात्री जात नाही.
एकदा रागात अख्खी सोनपापडी खाल्ली, उभ्यानं,
फ्रिजच्या उजेडात.
मग रात्रभर उंबऱ्यावरचं कोणीतरी
आत डोकावतंय असं वाटत राहिलं.

माघात पुन्हा रक्त दिलं.
पाच पूर्णांक नऊ.
डॉक्टर हसल्या नाहीत, ‘चालू ठेवा,’ एवढंच म्हणाल्या.

दुकान उघडून टेप घेतला, पँट वर केली.
बापाच्या तोंडी सूत म्हणजे धागा,
माझ्या तोंडी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
दोन सूत वाढली होती.
वहीचं कोरं पान काढून लिहिलं :
हेडाऊ. पोटरी, पावणेबारा.
कंबरेपुढे तेच.
तारीख टाकली, डिलिव्हरीची जागा मोकळी सोडली,
आणि पाय पायटावर ठेवला,
काकू येऊन उभ्याच होत्या.