ब्रेकवाला

हमरियाच्या शीतगृहात उणे बावीस,
दाराबाहेर सत्तेचाळीस.
मधल्या रबरी पडद्यापाशी तो उभा राहायचा
एकेका खांद्यावर एकेक ऋतू घेऊन.
कार्डावर होतं : गुंटिस, लात्विया, पाळीप्रमुख.
विजेता, असं कुठेच नव्हतं.

ते कळलं चावीमुळे.
अमोनियाच्या खोलीची चावी हरवू नये म्हणून
त्यानं ती एका जड, पिवळट चकतीला बांधली होती.
चकतीवर चौघं, एकामागे एक, वाकलेले.
"हा शेवटचा मी," म्हणाला, आणि बोट ठेवलं
जिथे झिजून चेहरा उरला नव्हता.

मग इफ्तारनंतर, खटकभाईच्या चहावर, एकदाच सांगितलं :
बर्फाची नळी, दीड किलोमीटर उतार,
आणि एक लोखंडी होडगं.
चौघांनी जीव तोडून ढकलायचं,
पळता पळता एकेकानं आत उडी घ्यायची,
सगळ्यांत शेवटी ब्रेकवाल्यानं.
बसला की मान गुडघ्यांत. वळणं पाठीनं मोजायची.
"जग जिंकलं त्या दिवशी
मी फक्त माझे बूट बघितले."

आम्ही हसलो. माझं तरी काय वेगळं,
सतरा वर्षं झाली, दुबईचा तो उंच मनोरा
अजून कॅलेंडरवरच बघतो.

ऑगस्टात एका रात्री कॉम्प्रेसर बसला.
अकरा टन सुरमई, चाळीस मिनिटं.
त्यानं आम्हाला ट्रॉलीला जुंपलं :
पुढे बिनोय, डावीकडे खटकभाई, उजवीकडे मी,
मागे तो.
विअन्स, दिवि, त्रीस!
"सुरुवात तेवढी आपली," ओरडला,
"पुढचं उतार बघेल."
उतार कुठला, सपाट काँक्रीट होतं.
तरी एक मासा नासला नाही.

अजून काही जड उचलताना आम्ही तेच आकडे म्हणतो.
बिनोयची धाकटी म्हणे तिकडे कोट्टयमला
शाळेचा जिना त्याच आकड्यांवर चढते,
भाषा कुठली हे न विचारता.

मार्चात तो खोलीतच गेला, झोपेत.
कागदपत्रांना नऊ दिवस लागले.
शवागारात बिनोयनं एवढंच विचारलं, तापमान किती?
उणे चार, म्हणाला तिथला माणूस.
"उकडेल त्याला," बिनोय म्हणाला.

चकती त्याच्या बॅगेत घातली, चावी सोडवून.
चावी आता साध्या सुतळीला असते.
पहिल्याच आठवड्यात हरवली.

कार्गोच्या फाटकाशी पेटी ट्रॉलीवर चढवली.
कुणी कुणाला काही सांगितलं नाही,
पाय आपापल्या जागी लागले :
पुढे बिनोय, डावीकडे खटकभाई, उजवीकडे मी.
विअन्स, दिवि
आणि फरशी गुळगुळीत निघाली,
खरोखरचा उतार निघाला.
पेटीच आम्हाला ओढू लागली, हलकी, घाईत,
आम्ही तिघं मान खाली घालून तिच्यासोबत धावत होतो,
मला माझे बूट दिसत होते,
आणि मागून कुणी कस्टमवाला ओरडत होता,
ब्रेक, अरे, ब्रेक!